मांडावर लिहिलेली खातेवही

23 जुलै 2021 रोजी म्हादई नदीने आणि तिला मिळणाऱ्या ओहोळांनी गोव्यातील सत्तरी तालुक्यात पात्र सोडले, तेव्हा नुकसानीची यादी करणाऱ्यांनी शेते, बागायती, गुरे, कौले आणि कोसळलेल्या मातीच्या भिंती मोजल्या. माझ्या कामामुळे माझ्या वाट्याला वेगळीच हानी आली. नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका वाड्यावर महिला स्वयंसाहाय्य गटाच्या सचिवांच्या घराची मागची भिंत बसली आणि तिच्याखाली सापडलेल्या पत्र्याच्या पेटीत गटाच्या पंधरा वर्षांच्या चार वह्यांचा, म्हणजे इतिवृत्त, बचतीची खातेवही, कर्जाची खातेवही आणि कॅशबुक यांचा, मिळून एकच लगदा झाला होता. शाई पाण्यात उतरली होती आणि पाने सोडवायला गेले की हातात तुटत होती. सचिव ते पान पान वेगळे करून चुलीच्या वैलावर वाळवत बसल्या होत्या. त्यांचे स्वतःचे घर निम्मे पडले होते, त्याविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

तालुक्यातील अशा गटांच्या वह्या तपासणे आणि वह्या लिहिणाऱ्या बायकांना ते काम शिकवणे ही माझी नोकरी आहे. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि बिनचूक हिशेबवह्या या पाच गोष्टींना आमच्याकडे पंचसूत्री म्हणतात. पहिल्या चार गोष्टी या गटाने कसोशीने पाळल्या होत्या, पण त्या पाळल्याचा पुरावा पाचव्या सूत्रात होता आणि तोच चिखलात गेला होता. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 10 सप्टेंबरला होती. चवथीच्या बाजारासाठी नेवऱ्या, चकल्या आणि लाडू करायचे, त्यासाठी सामान भरायचे आणि एक पिठाची चक्की घ्यायची, याकरिता गटाला दीड लाख रुपयांचे बँक कर्ज हवे होते. दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी स्वयंसाहाय्य गटाकडून तारण घ्यायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे कर्ज देताना बँकेला गटाची वही पाहण्यावाचून दुसरा आधार नसतो. वह्या नव्याने लिहून, सर्व सदस्यांच्या सह्यांनिशी आणा, मग विचार करू, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले.

या गटाचा उगम सरकारी योजनेत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. गोवा मुक्त झाल्यावर, दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तशी या गावातही निघाली. गटातील सर्वांत वडीलधाऱ्या आजी तेव्हा शाळेच्या वयाच्या होत्या. पण पाठची भावंडे सांभाळायची असल्यामुळे त्या शाळेच्या दारापर्यंतच गेल्या. त्यांची मुलगी मात्र चौथी शिकली. मुलीच्या शिक्षिकेने पुढाकार घेऊन वाड्यावर महिला मंडळ काढले. हळदीकुंकू, एकादशीचे भजन, चवथीच्या फुगड्या आणि एका शिवणयंत्रावर चालणारा शिवणवर्ग एवढाच त्या मंडळाचा व्याप होता. रोज भात शिजत घालताना प्रत्येकीने एक मूठ तांदूळ वेगळा काढायचा आणि महिन्याअखेरी तो एकत्र करून ज्या घरी अडचण असेल तेथे द्यायचा, ही रीत आजींच्या सांगण्याप्रमाणे त्या मंडळाने सुरू केली. देशात नाबार्डने 500 गटांना बँकांशी जोडण्याचा पहिला प्रयोग केला तो 1992 साली. 1999 मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि 2011 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान. या वाड्यावरच्या दहा बायकांनी 2006 च्या जुलैमध्ये दरमहा 30 रुपये ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तांदळाच्या मुठीच्या जागी नाणी आली एवढाच फरक त्यांना जाणवला असावा. पाच वर्षांनी आणखी चार जणी आल्या आणि रक्कम 50 रुपये झाली. पुढे गोवा सरकारच्या गृहआधार योजनेचे पैसे दरमहा स्वतःच्या खात्यात येऊ लागल्यावर हात थोडा सैल झाला आणि 2016 पासून बचत 100 रुपयांवर गेली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, 14 ऑगस्टला, मी कोऱ्या चार वह्या, बँकेचा खातेउतारा आणि गणकयंत्र घेऊन वाड्यावर पोहोचले. चौदांपैकी नऊ जणींची वैयक्तिक पासबुके कोरडी राहिली होती. पाच जणींकडे काहीही नव्हते. बैठक शाळेत घ्यावी असा माझा विचार होता, पण शाळेच्या फरशीवरचा गाळ अजून निघाला नव्हता. तेव्हा आजी म्हणाल्या, "बाय, मांडावर बसूया. मांडावर बसून कोणी खोटं बोलत नाही."

मांड म्हणजे पौषातल्या चांदण्या रात्री बायका जेथे धालो हा गाण्यानाचाचा खेळ खेळतात ती वाड्याची पवित्र जागा. तेथे चपला घालून जात नाहीत. धालोच्या पहिल्या रात्रीपासून मांड शिंपला जाईपर्यंत तेथे जे चालते ते सारे बायकांचे असते. पावसाची चिन्हे असल्यामुळे चार बांबू रोवून वर निळी ताडपत्री बांधली गेली, एकीने समई आणली आणि चौदा जणी मुखपट्ट्या बांधून, ताडपत्रीच्या लांबीप्रमाणे, समोरासमोर सात-सातच्या दोन रांगांत बसल्या. ही धालोचीच बैठक आहे, हे माझ्या ध्यानात यायला अर्धा तास लागला. धालोतही दोन रांगा समोरासमोर असतात. एक रांग गीताची ओळ म्हणत पुढे झुकते आणि दुसरी रांग ती ओळ उचलते.

प्रत्येकीने आपापली बचत आणि आपापले कर्ज सांगावे, मी लिहून घेते, असे मी सुचवले. तपासणीची तीच पद्धत मला माहीत होती. आजींनी मान हलवून नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की प्रत्येकीने आपल्यासमोर बसलेल्या बाईचा हिशेब सांगावा, तिने तो ऐकावा, चुकला तर दुरुस्त करावा आणि दोघींचे जुळल्यावरच मी वहीत उतरवावा. स्वतःचे कर्ज कमी सांगण्याची वेळच कोणावर येऊ नये, हा त्यामागचा विचार मला तेव्हा समजला आणि वीस वर्षांच्या नोकरीत हे आपल्याला कधी सुचले नाही याचे नवल वाटले.

मग जे घडले ते मी अन्यत्र पाहिलेले नाही. पासबुक नसलेल्या पाच जणींपैकी एकीचा हिशेब समोरच्या बाईने असा सांगितला: गाय आजारी पडली तेव्हा 12,000 घेतले, ते काजूच्या हंगामात फेडले, पुढच्या पावसाआधी कौले बदलायला 20,000 घेतले, त्यातले अजून काही फेडलेले नाही, व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला दिले. तारीख तिला सांगता येत नव्हती, पण ती मागील वर्षीच्या चवथीनंतरची दुसरी बैठक होती आणि त्या दिवशी सचिवांच्या घरी बारसे होते, हे तिला ठाम आठवत होते. खातेउताऱ्यावर त्याच सुमारास 20,000 रुपये काढल्याची नोंद होती. ज्या बायकांना सही येत नाही, त्यांना धालोची शेकडो ओळींची गीते एका शब्दाची चूक न होता पाठ असतात. त्याच स्मरणशक्तीने त्यांनी एकमेकींची कर्जे जपली होती. नऊ पासबुकांतील आकडे मी मुद्दाम शेवटी ताडून पाहिले. एकाच ठिकाणी 50 रुपयांचा फरक निघाला आणि तेथे चूक पासबुकात लिहिणाऱ्याची होती.

दुपारी दोनच्या सुमारास मोठी सर आली. वह्या पोटाशी धरून आम्ही सगळ्या ताडपत्रीच्या मध्यावर सरकलो. सर गेल्यावर चहा झाला आणि बेरजा सुरू झाल्या.

पहिल्या दहा जणींची बचत प्रत्येकी 10,800 आणि नंतरच्या चौघींची प्रत्येकी 9,000, म्हणजे एकूण 1,44,000 रुपये. टाळेबंदीत दोन महिने बैठक झाली नव्हती, पण तो खंडही सर्वांनी नंतर भरून काढला होता. अभियानाकडून मिळालेला फिरता निधी 15,000. गट दरवर्षी चवथीला व्याज वाटून घेतो, त्यामुळे गेल्या चवथीनंतरचे दरमहा शेकडा 1 रुपया दराने जमलेले व्याजच धरायचे होते. ते 9,640 निघाले. सात जणींकडची कर्जे 1,08,000. म्हणजे बँकेत आणि हाती मिळून 60,640 रुपये असायला हवे होते. बँकेत 57,290 होते आणि कोषाध्यक्ष वहिनींचे घर उंचावर असल्यामुळे त्यांच्याकडचे रोख 1,500 रुपये सुरक्षित होते. एकूण 58,790. कमी पडले 1,850.

मी तीन वेळा बेरीज केली. तिसऱ्या वेळी मांडावर कोणी बोलत नव्हते आणि वहिनी खाली मान घालून जमिनीकडे पाहत होत्या. माझ्या मनात जे आले ते लिहितानाही मला वाईट वाटते, पण ते आले होते. वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते माझ्यावर लिहा, मी चवथीपर्यंत भरते." त्या असे म्हणताच समोरच्या रांगेतील दोघी एकदम उठल्या.

हकीकत अशी होती. मे महिन्यात, संचारबंदी चालू असताना, काजूच्या बागायतीत मजुरीला आलेल्या एका परप्रांतीय कुटुंबातील तरुण बाईला मध्यरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. फोन लागत नव्हता, नवऱ्याच्या हाती पैसा नव्हता. वहिनींनी गटाच्या रोख रकमेतून गाडीचे भाडे 1,500 आणि औषधासाठी 350 रुपये दिले आणि आता उठलेल्या या दोघी त्या बाईबरोबर इस्पितळात गेल्या. मूल आणि आई सुखरूप राहिली. पावसाच्या तोंडावर ते कुटुंब आपल्या मुलखाला परतले. गटाबाहेरच्या माणसाला कर्ज देता येत नाही, हा नियम मीच त्यांना शिकवला होता. म्हणून तो पैसा वहीत चढलाच नाही आणि मी वही तपासायला येईन तेव्हा काय सांगायचे या धास्तीने वहिनी दोन महिने आपल्या कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे बाजूला टाकत होत्या.

नियम चुकीचा नाही. गटाबाहेर पैसा जाऊ लागला की गट मोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु तो नियम शिकवताना गटाने एकमताने केलेला मदतीचा खर्च नियमाप्रमाणे वहीत कसा लिहायचा, हे मी कधी शिकवले नव्हते, आणि त्या उणिवेचा भार एका प्रामाणिक बाईने एकटीने वाहिला. मी तसे तेथेच सर्वांसमोर बोलून दाखवले. वहिनींची क्षमा मागितली तेव्हा त्या गोंधळून गेल्या आणि आजींनी विषय बदलण्यासाठी विडा काढला.

यापुढचा प्रश्न, ही रक्कम कोणत्या खात्यावर लिहायची हा होता. येणे म्हणून दाखवली तर ती कधीच वसूल होणार नव्हती. वहिनींच्या नावावर टाकणे अन्यायाचे होते. सचिवांनी ती व्याजाच्या रकमेतून वजा करावी असे सुचवले, म्हणजे चवथीला प्रत्येकीच्या वाटणीत सुमारे 132 रुपये कमी येणार होते. आजींनी एकेकीचे नाव घेऊन विचारले. चौदाही जणींनी होकार दिला. त्यांतल्या एकीचा नवरा पुरानंतर घरी बसून होता, तिनेही दिला. कॅशबुकात ती ओळ वहिनींनीच स्वतःच्या अक्षरात लिहिली: "बाळंतिणीची गाडी व औषध, गटाच्या संमतीने खर्च, रुपये 1,850." त्याखाली अकरा सह्या झाल्या आणि तीन अंगठे उमटले. काळोख पडेपर्यंत चारही वह्या पुऱ्या झाल्या होत्या.

बँकेत त्या वह्या मी आणि सचिव घेऊन गेलो. अधिकाऱ्यांनी पाने उलटली, खातेउताऱ्याशी चार-पाच नोंदी ताडल्या आणि अपेक्षेप्रमाणे त्या एका ओळीवर बोट ठेवले. सचिवांनी सारा प्रसंग सांगितला. अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा सह्या मोजल्या आणि अर्ज पुढे पाठवला. कर्ज चवथीच्या आठ दिवस आधी खात्यावर जमा झाले. चक्की वेळेत आली नाही, तरी नेवऱ्या हाताने पीठ दळून वेळेत झाल्या.

गटाच्या वह्या आता वहिनींच्या उंचावरच्या घरी असतात. दर बैठकीत नवी नोंद झाली की ज्या बाईची ती नोंद असते तिच्या समोर बसलेली बाई ती मोठ्याने सांगते, आणि मगच पुढचे नाव घेतले जाते.