कार्लिऑनच्या गटारातले खडे

वेल्समधील कार्लिऑन या गावी, रोमन लष्करी तळाच्या स्नानगृहाचे अवशेष पाहायला येणाऱ्यांना माहिती सांगणे हे माझे काम आहे. चार वर्षे मी त्यांना एक वाक्य न चुकता सांगत आले, आणि ते अर्धेच खरे होते हे मला कोल्हापूरच्या एका निवृत्त सोनाराने दाखवून दिले.

तो नोव्हेंबरातला मंगळवार होता. पाऊस सकाळपासून थांबला नव्हता आणि अवशेषांवर उभारलेल्या छपराखाली माझ्याखेरीज कोणी नव्हते. साडेअकराच्या सुमारास एक वृद्ध जोडपे आत आले. आजींनी शालीवर रेनकोट चढवला होता, आजोबांच्या डोक्यावर माकडटोपी होती. "अगं, जपून, पायरी ओली आहे," हे वाक्य कानावर पडले आणि मी पुढे होऊन मराठीत बोलले, तेव्हा आजींना आश्चर्यापेक्षा हायसेच अधिक वाटले असावे. लेकीकडे ब्रिस्टलला आलेले हे दोघे, जावयाने त्यांना गाडीने आणून सोडले होते आणि तो कॉफी प्यायला गेला होता.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. इ. स. 75 च्या सुमारास दुसऱ्या ऑगस्टा लीजनने, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या दलाने, अस्क नदीकाठी हा तळ उभारला आणि पाच हजारांहून अधिक सैनिकांसाठी जवळजवळ लगेचच हे दगडी स्नानगृह बांधायला घेतले. ज्या काळी इथल्या बहुतेक बराकी लाकडाच्या होत्या, त्या काळी आंघोळीसाठी मात्र एखाद्या देवळासारखी उंच, कमानदार छतांची दालने उभी राहिली. बाहेर उघड्यावर पोहण्याचा 41 मीटर लांबीचा तलाव होता, त्यात साडेतीन लाख लिटरांहून जास्त पाणी मावत असे. आत थंड, कोमट आणि गरम अशी तीन दालने एकापुढे एक होती. गरम दालनांची फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि भट्टीतली ऊब त्या खांबांमधून फिरत असे. ती गरम दालने बहुतांशी आजच्या गावाखाली गाडलेली आहेत. आपण पाहतो तो तलावाचा आणि थंड दालनाचा भाग.

आजोबा मान डोलावत होते, पण त्यांचे लक्ष खाली, थंड दालनाच्या पोटातून जाणाऱ्या गटाराकडे होते. हे गटार म्हणजेच या जागेचे खरे धन आहे. 1964 पासून 1981 पर्यंत चाललेल्या उत्खननात त्यातला गाळ उपसून चाळला गेला तेव्हा केसांत खोवायच्या पिना, काचेचे मणी, कोंबडीची हाडे आणि मुलांचे दुधाचे दातसुद्धा सापडले. सैनिकांच्या स्नानगृहात बायका आणि मुले येत होती, हे कोणत्या शिलालेखाने नव्हे तर या गाळाने सांगितले. आणि त्यातच अंगठ्यांतून निसटलेले 88 कोरीव खडे मिळाले.

येथे माझे ते वाक्य आले. "गरम पाण्याने आणि वाफेने खड्याखालचा डिंक सैल होई, आणि खडा गटारात जाई."

आजोबांनी टोपी मागे सारली. "पोरी, एक विचारू? गटार थंड खोलीखाली आहे म्हणालीस ना? मग वाफेनं सुटलेला खडा गरम खोलीत पडायला पाहिजे. थंड खोलीपर्यंत आला कसा?"

मी गप्प झाले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि, कबूल करायला हवे, मलाही पडला नव्हता.

त्यांनी बोटातली अंगठी काढली. गुलाबी खड्याची, कोंदण झिजलेली. "पन्नास वर्षं लाखेवर काम केलंय. आमच्या साजाचे मणी आतून लाखेचेच असतात. लाख तापली की मऊ होते, पण मऊ झालेली लाख खडा लगेच सोडत नाही, उलट चिकटून बसते. फक्त खडा जागचा हलतो. त्यावर गार पाणी पडलं की लाख आखडते, ठिसूळ होते, आणि हलक्या धक्क्यानंही पापुद्र्यासारखी सुटते. गरम खोलीत फक्त बिघाड झाला असेल. खडा पडला तो गार पाण्यात उडी मारल्यावर."

रोमन स्नानाचा क्रम अगदी तसाच होता: घाम काढून, अंगाचे तेल स्ट्रिजिलने, म्हणजे धातूच्या वाकड्या पट्टीने, खरवडून माणूस शेवटी थंड पाण्यात उतरे. मी तो क्रम रोज सांगत होते आणि खड्यांची गोष्टही रोज सांगत होते, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. अर्थात रोमन कारागिराचा डिंक म्हणजे कोल्हापूरची लाख नव्हे, आणि आजोबांचे म्हणणे हा एका कसबी हाताचा अनुभव आहे, उत्खननातला पुरावा नव्हे. तरीही माझ्या अर्ध्या वाक्यापेक्षा ते मला जास्त पटले.

पावसाचा जोर ओसरल्यावर मी त्यांना जवळच्या संग्रहालयात घेऊन गेले. खडे नखाएवढे, काही त्याहूनही लहान, लालसर आणि जांभळे. आजोबा काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. त्यांना देवदेवतांत रस नव्हता. "ही रेघ बघ, चाक फिरवून काढलीय. आणि इथं हात थरथरलाय." कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली शहरातल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली, रोमन काळातली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती त्यांनी लहानपणापासून पाहिली होती, म्हणून रोमन मंडळी त्यांना फारशी परकी वाटत नव्हती.

"हा गाळ चाळला कुणी?" निघताना त्यांनी विचारले. मी उत्खननाची पद्धत सांगू लागले, बारीक चाळण्या, पाण्याचा झोत, थरागणिक वेगळ्या पिशव्या. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"म्हणजे झारेकरी."

आमच्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ गल्लीत, दुकानांपुढची माती आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी असत, असे ते आजींना नव्याने सांगू लागले, जणू काही त्यांना ते ठाऊकच नव्हते. आजी म्हणाल्या, "ठाऊक आहे हो. तुमच्या दुकानापुढच्या मातीसाठी दोघे भांडत होते." मग त्यांनी नवऱ्याच्या हातातली ती अंगठी काढून घेतली आणि पर्समधल्या रुमालात बांधली. लेकीच्या घरी आंघोळीला फार कढत पाणी येते, असे कारण त्यांनी दिले.