कागलच्या नाक्यावर रोकड अडली तर

नोव्हेंबर २०२४, विधानसभेची आचारसंहिता. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ घालून मामांबरोबर निपाणीला परतत होतो. कागलजवळ तपासणी पथकाने गाडी थांबवली. मामांच्या पिशवीत ऐंशी हजार रुपये होते आणि अडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, दुसऱ्या दिवशी मिळणार होती. आचारसंहितेत ५० हजारांवरच्या रोकडीचा पुरावा सोबत लागतो. पंचनामा झाला, पैसे जप्त झाले. मामा निपाणीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मतं विकत घेणारा पैसाही याच रस्त्याने जातो, म्हणून तपासणी हवीच; पण वर्षभराच्या उसाचा पैसा संशयित ठरतो, तेव्हा पोटात तुटतं.

नाक्यावर हुज्जत घालू नका. पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय मात्र हलू नका. दाद कुठे मागायची हे त्या कागदावर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तिथेच विचारा.

दुसऱ्या दिवशी आधी यार्डात जाऊन पट्टी घेतली, मग नागाळा पार्क. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद दोन्ही तिथेच, एसटी स्टँडवरून रिक्षाने लगेच पोचता. अशा जप्तीसाठी तीन अधिकाऱ्यांची समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल आणि पैशाचा उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध नसेल, तर त्यांनी रक्कम सोडायची असते. गुन्हा नसताना मतदानानंतर सात दिवसांपुढे प्रकरण लोंबकळत ठेवता येत नाही. रक्कम दहा लाखांवर असेल, तर आयकर खात्याला कळवतात. अर्जाला पट्टी, सातबारा, आधार आणि पासबुकाची प्रत जोडा. मामांना पैसे परत मिळाले ते त्या पट्टीमुळेच.

गुन्हा दाखल झाला तर वाट वेगळी. तेव्हा कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात वकिलामार्फत मुद्देमाल परत मागायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ची (गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेच्या जप्तीची) नोटीस आली, तर वकिलाकडे त्याच दिवशी जा. ‘ही मालमत्ता गुन्ह्यातून आलेली नाही’ हे दाखवायला १४ दिवस मिळतात. गप्प बसलात तर न्यायालय एकतर्फी आदेश देऊ शकतं. मग ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गुन्ह्याची झळ बसलेल्यांना वाटली जाते आणि उरलेली सरकारजमा होते.

निवडणुकीच्या दिवसांत अडत्याला पैसे सरळ खात्यावर टाकायला सांगा. रोखच हवे असतील, तर पट्टी हातात पडेपर्यंत यार्डातच थांबा.