मानेतली शीर आणि शंभरातून सात

अमळनेरला बोरी नदीच्या काठाने सकाळी फिरत होतो. डाव्या डोळ्यावर वरून काळा पडदा उतरला, दुकानाचं शटर खाली ओढतात तसा. पाचेक मिनिटांत तो वर गेला आणि सगळं पहिल्यासारखं दिसू लागलं. दुखलं काहीच नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "काय जयं तुमले? ऊन लागलं असेल." मीही तेच धरून बसलो. चष्म्याचा नंबर तपासून आलो आणि चार दिवस फुकट घालवले. ते चार दिवस अजून टोचतात.

पाचव्या दिवशी उजव्या हातातून चहाचा कप निसटला. दहा मिनिटांत हात पुन्हा ठीक झाला, पण मुलगा ऐकेना. त्याने त्याच दिवशी धुळ्याला नेऊन मानेचा डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करवला. डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी शीर, जबड्याखाली जिथे दोन फांद्यांत वाटली जाते, तिथे ८० टक्के अरुंद झाली होती. आत चरबीचा थर साचला होता आणि त्याचे कण, गुठळ्या सुटून वर जात होत्या. डोळ्याला रक्त नेणारी शीर याच कॅरोटिडची फांदी, म्हणून तो पडदा. आणि उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूकडून चालतो, म्हणून तो कप. डॉक्टर म्हणाले, "सर, ही लकव्याची सूचना आहे. पहिल्या झटक्यापासून दोन आठवड्यांच्या आत शीर साफ करायचं ऑपरेशन झालं तर फायदा सगळ्यात जास्त." मग ऑपरेशनसाठी नाशिक.

मला लकव्यापेक्षा वेगळीच धास्ती होती. वर्षभर माणसांची नावं ओठावर येऊन अडकत होती. सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारला, की शीर साफ झाली तर डोकं पूर्वीसारखं चालेल का? ते स्पष्ट बोलले. हे ऑपरेशन लकवा टाळण्यासाठी आहे, स्मरणशक्तीची हमी मी देणार नाही. रक्तपुरवठा सुधारल्यावर काहींना बरं वाटतं, बऱ्याच जणांत फरक पडत नाही, आणि थोड्यांचं डोकं उलट मंदावतं, कारण ऑपरेशनच्या वेळी बारीक कण वर जाऊ शकतात. शिवाय वीस वर्षांच्या बीपीने मेंदूच्या आतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील, तर मानेतली शीर साफ करून त्या सुधारत नाहीत. १९९१ साली अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे त्यांनी कागदावर लिहून दिले. ७० टक्क्यांहून जास्त अरुंद शीर आणि असे झटके आलेल्यांपैकी नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा १०० तल्या २६ जणांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. मी गणिताचा माणूस, हा हिशेब मला पटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बुद्धीची चाचणी घेतली, ३० गुणांची. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. ९३, ८६, ७९... आणि पुढे काहीच सुचेना. तीस वर्षं ज्या फळ्यासमोर मुलांना वजाबाकी शिकवली, तो डोळ्यांपुढे आला. २४ गुण पडले. २६ किंवा त्याहून जास्त असले तर ठीक समजतात.

ऑपरेशन मान बधिर करून झालं, मी जागा होतो. उजव्या हातात पिळल्यावर चूं करणारं रबरी खेळणं दिलं होतं. शीर चिमट्याने बंद केली तेव्हा भुलीचे डॉक्टर म्हणाले, "सर, सतराचा पाढा म्हणा, मध्ये मध्ये खेळणं दाबा." सतरा पंचे पंच्याऐंशी म्हणत होतो आणि खेळणं वाजत होतं. जीभ अडखळली असती किंवा हात थांबला असता, तर तात्पुरती नळी घालून रक्त वर पाठवणार होते. ती वेळ आली नाही. थर काढला, शिरेला ठिगळ लावून टाके घातले.

रात्रभर बीपीवर नजर होती. अरुंद शीर एकदम मोकळी झाल्यावर मेंदूत रक्ताचा लोंढा जाऊ शकतो, म्हणून डोकं ठणकलं तर लगेच सांगा, असं बजावलं होतं. सिस्टर पुन्हा पुन्हा जीभ बाहेर काढायला लावायच्या, तिथून जिभेची नस जाते म्हणून. आवाज महिनाभर घोगरा होता. कानाची पाळी दाढी करताना अजून बधिर लागते.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. पेपरातला एक परिच्छेद वाचून होईपर्यंत सुरुवात विसरायचो. डोकं गेलं असंच वाटलं. हळूहळू ते ओसरलं.

तीन महिन्यांनी चाचणीचा दुसरा संच दिला. २६ गुण. ७९ नंतर ७२ आलं, ६५ ही आलं. बायकोचे डोळे भरले. डॉक्टर मात्र म्हणाले, झोप, आटोक्यातलं बीपी, सुटलेली तंबाखू आणि गेलेली धास्ती यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय शिरेला देऊ नका. आदल्या दिवशीची चाचणी नसती तर एवढंही बोलता आलं नसतं. माझ्यासारखा कोणी या वाटेवर असेल, तर त्याने ती आधी मागून घ्यावी.

रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी आता कायमची. नावं अजून अडकतात. पुढच्या डॉप्लरच्या वेळी तेच पुन्हा विचारणार आहे.