पणजी आणि पणतू एकसारखे चालत नाहीत

बहात्तर वर्षांच्या आजी आमच्या फिजिओथेरपी विभागात आल्या तेव्हा चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'गुडघ्याची झीज, चालण्याचे व्यायाम द्यावेत.' सोबत सून, नातसून आणि तिचं तेरा महिन्यांचं बाळ. बाळ नुकतंच पावलं टाकायला लागलेलं. सून म्हणाली, "बघा ना मॅडम, दोघं सारखीच चालतात. आई पुन्हा लहान झाल्यात."

या वाक्यातच आजींची दोन वर्षं वाया गेली होती.

साडीत पाऊल दिसत नाही, म्हणून निऱ्या वर खोचून घेतल्या. जमिनीवर चौदा मीटरची चिकटपट्टी असते. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधल्या दहाचीच वेळ घ्यायची, नाहीतर सुरुवातीचा आणि थांबण्याचा वेळही त्यात मिसळतो. आजींना चोवीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.४ मीटर. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला एकतीस सेकंद. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. वळताना तर नऊ पावलं!

बाळही आजींसारखंच पाय फाकवून चालत होतं, पण त्याचे हात खांद्याशी वर धरलेले, पाऊल सपाट पडणारं, आणि प्रत्येक वेळी गुडघा गरजेपेक्षा जास्त उचललेला. टाच आधी टेकवणं साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात येतं, हात खाली येऊन पायांच्या उलट हलू लागतात, आणि सातव्या वर्षाच्या आसपास चाल मोठ्यांसारखी होते. उतारवयात पाऊल आखूड होतं, घोट्याचा रेटा कमी पडतो, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर राहण्याचा काळ वाढतो. पण निरोगी म्हातारपणात पाऊल फरशीला चिकटत नाही. आजींचं चिकटत होतं, जणू तळव्याला लोहचुंबक.

गुडघा दुखणारा माणूस दुखऱ्या पायावरून भराभर उतरतो, लंगडतो. आजी लंगडत नव्हत्या. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात म्हणावं तर चालताना हात छान झुलत होते आणि पायांत अंतर होतं. पलंगावर निजवून हवेत सायकल चालवायला सांगितली, तर झकास चालवली. ताकद होती, सांधे हलत होते. उभं राहिलं की मात्र पाय उचलेनात.

मग सुनेला बाजूला घेऊन लघवीचं विचारलं. ती संकोचली. "पोचेपर्यंत होतं कधीकधी. वयाचं म्हणून कुणाला सांगितलं नाही. विसरतातही हल्ली."

चाल, लघवी, स्मरण ही तिन्ही एकत्र आली की मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठल्याची शंका घ्यायलाच हवी. हा आजार १९६५ पासून पुस्तकात आहे आणि काही जणांत शस्त्रक्रियेने सुधारतो. तरीही एक्स-रेमध्ये झीज दिसली की पुढे कुणी रुग्णाला चालवून बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो. साठीनंतर झीज अनेकांच्या फिल्ममध्ये दिसतेच.

आजींना मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. मेंदूतलं हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं; ते कमी केल्यावर चाल सुधारते का हे बघायला मग कमरेतून चाळीस मिलिलिटर काढलं. त्याआधी आणि तीन तासांनी चाचण्या मीच घेतल्या. तीच खुर्ची, तीच पट्टी, तीच चप्पल; एवढं सारखं ठेवलं नाही तर आकड्यांना अर्थ राहत नाही. एकतीसचे वीस सेकंद झाले, चोवीसचे पंधरा. वळायला पाच पावलं. दाराचा उंबरा त्यांनी न थांबता ओलांडला आणि सून रडायलाच लागली.

आता शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवायची तारीख ठरली आहे. नळी बसली तरी दोन वर्षांत गेलेलं सगळं परत येईल का, हे मला सांगता येत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही. सुनेला दर रविवारी मोबाइलवर बाजूने पंधरा सेकंदांचं चालणं टिपायला सांगितलंय. निऱ्या घोट्याच्या वर, टाच दिसली पाहिजे.