पीआरव्हीच्या (दाब कमी करणाऱ्या वॉल्वच्या) पुढे हवा दुपटीपेक्षा जास्त कशी झाली?

चाकणला एका प्लांटमध्ये युटिलिटीला आहे मी. कॉम्प्रेस्ड एअरचं वीजबिल डोळ्यात येण्याइतकं असतं म्हणून हवा नक्की कुठे किती जाते ते बघायला पॅकिंगच्या लाइनवर दोन व्होर्टेक्स मीटर (ताशी किती घनमीटर हवा जाते ते मोजणारे) बसवले, एक पीआरव्हीच्या आधी, एक नंतर. आधी ७ बार, नंतर २.५ बार, पाइप दोन्हीकडे २ इंची. चालू केले तर आधीचा दाखवतोय ताशी १०० घनमीटर आणि पुढचा २२९!

झालं, सगळे जमले. प्रॉडक्शनवाले म्हणे मीटर भंगार आहेत परत पाठवा, इन्स्ट्रुमेंटच्या पोराने दोन्ही मीटरची अदलाबदल करून बघितली तरी आकडे तेच. आमच्या कॉम्प्रेसर ऑपरेटरने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, त्या वॉल्वमध्ये हवा तयार होते का हो?" मला हा प्रश्न जाम आवडला, कारण मुद्द्याला हात घालणारा तो एकटाच होता.

पाण्यावर काम केलेल्यांच्या डोक्यात जेवढे घनमीटर आत तेवढे बाहेर हे पक्कं बसलेलं असतं, आणि पाण्याला ते चालतंही, कारण दाबाने त्याची घनता जवळपास बदलतच नाही. हवेचं तसं नाही. हवेत कायम राहतं ते दर सेकंदाला जाणारं वस्तुमान, म्हणजे घनता गुणिले पाइपचं क्षेत्रफळ गुणिले वेग.

तिथेच वर्क परमिटच्या मागे त्याला गणित करून दाखवलं. गेजवर ७ म्हणजे वातावरणाचा १ धरून ८ बार, आणि २.५ म्हणजे ३.५ (गेजचाच आकडा घेतला तर सगळं चुकतं, हे लक्षात ठेवा). ३० डिग्रीला घनता आधी ९.२ आणि नंतर ४.०२ किलो प्रति घनमीटर. गुणाकार केला तर दोन्हीकडे ताशी ९२० किलो. तो बघतच राहिला, मग म्हणाला "म्हणजे तीच हवा, फक्त फुगली."

आणि त्यातूनच पुढच्या पाइपमधून येणाऱ्या शिट्टीचं कोडं पण सुटलं, ज्याच्यासाठी वॉल्वचं किट बदलून झालं होतं! हवा फुगली पण पाइप तेवढाच, मग वेग सेकंदाला १४ मीटरवरून ३२ वर जाणारच, अशा लाइनला १५ च्या आत ठेवतात. शटडाऊनला पुढचा पाइप ३ इंची केला, वेग १३ वर आला, आवाज गेला. मीटरला प्रेशर आणि टेंपरेचरचं इनपुट देऊन डिस्प्ले किलोवर घेतलाय. आता मशीनपर्यंतचे किलो जुळत नाहीत, ती मात्र खरी गळती आहे, रविवारी साबणाचं पाणी घेऊन एकेक जॉइंट बघायचाय.