तेर: गोरोबाकाकांच्या गावात एकटीनं

गेल्या पावसाळ्यात आमचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली, सगळे मायेनंच बोलायचे, देवाची मर्जी होती, पुन्हा होईल, रडू नको, आणि त्या सगळ्यात मला ना मनासारखं रडता आलं ना देवापुढं हात जोडता आले. देवघरात दिवा सासूबाईच लावायच्या. म्हणून नवऱ्याला एवढंच सांगितलं की मला तेरला जायचंय, एकटीला.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांची समाधी इथंच. त्यांची गोष्ट आपल्याकडं कुणाला सांगावी लागत नाही, चिखल तुडवताना भजनात इतके रंगले की रांगत आलेलं पोटचं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आपण सगळे काकांकडंच बघतो, त्यांच्या तल्लीनतेचं कौतुक करतो. मी यावेळी जाताना फक्त त्यांच्या बायकोचा, संतीचा विचार करत होते. ती पाणी आणायला गेलेली, परत येऊन बघते तर चिखल लाल. तिनं आक्रोश केला, विठ्ठलाला बोल लावला, काका चिडून अंगावर धावून आले तेव्हा म्हणाली मला हात लावाल तर विठोबाची आण आहे. ज्याच्या नादात लेकरू गेलं त्याच देवाची आण! एवढ्या संतापात पण तिला दुसरं कुणी आठवलं नाही. आणि ती आण काकांनी पाळली, झोपेत आपल्या दोघी बायकांना, संतीला आणि नंतर केलेल्या रामीला, हात लागला म्हणून स्वतःचे हात तोडून घेतले. पुढं पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, लेकरूही आलं असं सांगतात. मला तिथपर्यंत जाववत नाही, मी चिखलापाशीच थांबते.

मंदिरात दुपारी जवळपास कुणी नव्हतं. समाधीचं दर्शन घेऊन बाहेर सावलीत बसले. एक म्हातारी मावशी आली, "एकलीच आलीस का माय?" एवढंच विचारलं, मी मान हलवली, तिनं हातावर खडीसाखर ठेवली आणि गेली. पुढचं काही विचारलं नाही याचे मी तिचे किती उपकार मानू!

मग मी बोलायला लागले, मनातल्या मनात नाही, खरंच तोंडानं, विठ्ठलाला अरेतुरे करून. का नेलंस, एवढे उपास केले ते काय कामाचे, तुला लाज कशी वाटली नाही. खूप वेळ बोलले, खूप रडले. उत्तर काही आलं नाही. पण भांडताना एक गोष्ट पक्की जाणवली की मी कुणाशी तरी भांडतेय, समोर कुणीतरी आहे आणि ते उठून जात नाहीये. घरी रोज पूजा करायचे तेव्हा सुद्धा तो इतका जवळ कधी वाटला नव्हता. दुःख होतं तेवढंच आहे. आजही आहे.

नंतर गावातलं त्रिविक्रम मंदिर बघितलं, जुन्या विटांचं, चैत्यगृहासारखं मागून गोल. लामतुरे संग्रहालय चुकवू नका. सातवाहनांच्या काळात हे तगर म्हणून रोमपर्यंत व्यापार करणारं शहर होतं, इथं सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच बाहुली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलीय. मी मात्र भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशीच जास्त रेंगाळले, कुणाच्या तरी हातानं घडवलेल्या, इतक्या शतकांनी पण शाबूत.

कुणाला एकट्यानं जायचं असेल तर चैत्र वद्य एकादशीच्या सुमारास यात्रा असते तेव्हा नको, फार गर्दी होते. आडवारी जा. धाराशिवहून जाणं सोपं आहे. सोबत कुणी येतो म्हणालं तर प्रेमानं नाही म्हणा.

आता मला गंगाखेडला जायचंय, जनाबाईच्या गावी. लहानपणीच आईबापापासून तुटून परक्या घरी राबली आणि विठोबाला हक्कानं शिव्या घातल्या तिनं. परळीमार्गे रेल्वे आहे. यावेळी नवरा विचारत होता मी येऊ का, त्याला पण त्याचं काहीतरी बोलायचं असेल, त्याला म्हणलं ये, पण गोदावरीच्या घाटावर तू एकीकडं बस, मी एकीकडं बसते.