तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात निघाल्यावर बेत बदलता येतो का?

"व्हिसासाठी तारीखवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. मग तिकडे गेल्यावर तो बदलला तर चालतं का?" पाठीवर सॅक घेऊन महिनाभर बस आणि रेल्वेने युरोपात फिरून आले, तेव्हापासून हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्यांत पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या बायका जास्त असतात, म्हणून नीट उत्तर देते.

चालतं. मी बदलला, आणि त्या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता दिवस त्यामुळेच मिळाला. पण काही गोष्टींना हात लावायचा नाही, त्या आधी सांगते.

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्या व्हिसावर छापलेल्या तारखा आणि दिवस म्हणजे दगडावरची रेघ. अर्ज करायचा तो ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे. माझा ऑस्ट्रियाचा होता, त्यामुळे काहीही बदललं तरी ऑस्ट्रियातल्या रात्री सगळ्यात जास्त राहतील एवढं मी पाळलं. व्हिएन्नाचे दोन दिवस कमी करून ऑस्ट्रियातल्याच ग्राझला गेले, त्यात काहीच गैर नाही. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर मात्र शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकू नका. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आत आहे, पण शेजारचे बोस्निया आणि सर्बिया बाहेर आहेत. तिकडे गेलात तर त्या व्हिसावर परत येता येणार नाही.

दुसरी गोष्ट तिकिटांची. लांबच्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं बहुधा त्याच गाडीला बांधलेली असतात. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) असला तरी फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना सीटचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं. जर्मनी, ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांत मात्र पास दाखवून सरळ चढता येतं. बेत सैल ठेवायचा असेल तर तो अशा देशांत ठेवावा. आणि एका कंपनीची बस, पुढे दुसऱ्या कंपनीची रेल्वे अशी वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर मध्ये भरपूर वेळ सोडा. माझी बस दोन तास उशिरा पोचली, पुढची गाडी निघून गेली आणि ते पैसे बुडाले. एकाच सलग तिकिटावर गाडी चुकली असती तर पुढे पोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर असती. माझी दोन तिकिटं होती, त्यामुळे कुणावरच नव्हती. त्या दिवशी स्टेशनवर बसून मला रडू आलं होतं, हेही सांगते, कारण असा एखादा दिवस प्रवासात येतोच.

आता तो आवडता दिवस. मी ल्युब्लियानात होते, स्लोव्हेनियाच्या राजधानीत. शुक्रवारी ट्रिएस्टवरून व्हेनिसला जायचं ठरलं होतं. बुधवारी रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कळलं, की इटलीत गुरुवारी रात्री नऊपासून शुक्रवारी रात्री नऊपर्यंत रेल्वेचा संप आहे. इटलीत संपाची सूचना आधी द्यावी लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक स्थानिक गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणजे शुक्रवारी पहाटे मी सीमेपलीकडे असले तर काम होणार होतं. नकाशा उघडला आणि सीमेला लागून असलेलं इटलीतलं गोरित्सिया सापडलं.

गुरुवारी सकाळी ल्युब्लियाना सोडलं. तिथल्या शेवटच्या रात्रीचे पैसे गेले, त्याची खंत नाही. येसेनित्सेला गाडी बदलली आणि बोहिन्यचा लोहमार्ग धरला. ऑस्ट्रिया-हंगेरीने ट्रिएस्ट बंदराला जोडण्यासाठी बांधलेला हा मार्ग 1906 साली सुरू झाला. सहा किलोमीटरहून लांब बोगदा संपला, की गाडी दरी उतरू लागते आणि पुढे सोचा नदी भेटते. तिचं पाणी पाचूच्या रंगाचं आहे असं वाचलं होतं, खरंच तसंच आहे. शेवटी सोल्कानचा पूल. त्याची दगडी कमान 85 मीटरची आहे. दगडी कमानीच्या रेल्वेपुलांत इतकी मोठी जगात दुसरी नाही. पण गाडीतून ती दिसत नाही, आपण तिच्यावरूनच जात असतो. उतरल्यावर मुद्दाम मागे चालत जाऊन पाहावी. (या मार्गावर दुरुस्ती निघाली की मध्ये बस जोडतात, निघण्याआधी चौकशी करा.)

नोव्हा गोरित्साच्या स्टेशनाबाहेर आले आणि तिथेच थांबले. समोरच्या चौकाच्या मधोमध सीमा आहे. 1947 साली रेघ ओढली गेली तेव्हा गोरित्सिया शहर इटलीत राहिलं आणि हे स्टेशन युगोस्लाव्हियात गेलं, स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग होता. शहर गमावलेल्यांनी मग शेजारीच नवं शहर वसवलं, तेच नोव्हा गोरित्सा. चौकातलं कुंपण 2004 साली निघालं, आता जमिनीत सीमेची खूण तेवढी आहे.

मी नंदुरबारची. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातमध्ये. तिथल्या बाकाच्या बरोबर मधून दोन राज्यांची हद्द जाते. लहानपणी मी आणि माझा भाऊ त्या बाकाच्या दोन टोकांना बसून एकमेकांना हाका मारायचो. आमची हद्द कायम खेळायची गोष्ट होती. या चौकातल्या रेघेने माणसं कितीतरी वर्षं एकमेकांपासून तोडली होती. एक आजोबा सायकल हातात धरून तिच्यावरून सावकाश पलीकडे गेले. त्यांनी खाली पाहिलंही नाही. मी बराच वेळ एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभी होते.

पासपोर्ट जवळ होता, पण कुणी मागितला नाही. संध्याकाळी सॅक पाठीवर टाकून इटलीच्या बाजूला चालत गेले, स्टेशनजवळ खोली घेतली. शुक्रवारी उजाडायच्या आत फलाटावर होते. संपाच्या दिवशी सोडावीच लागणारी गाडी वेळेवर आली. डब्यात सगळे कामाला निघालेले लोक होते, सॅकवाली मी एकटीच.